हरित घरासाठी आधी धडधाकट घर पाडायचं?

कोरडवाहू: कालची 'वीस वर्षांवरची प्रत्येक इमारत पाडा, हरित बांधा' ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. छपरावर सोलर, दारात हरित मानांकनाची पाटी, की झालं पर्यावरण? जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा. त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नव्हेच, चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवा, तरी सुटणारच! उभ्या इमारतीचा तो कार्बन कधीच हवेत गेलाय. पाडून नवी बांधलीत की पुन्हा तेवढाच. त्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सावली करा, गच्ची पांढरी रंगवा.

उंबरठा: पोस्ट माझीच. आमच्या इमारतीत येऊन राहा महिनाभर. स्लॅबमधून सळ्या डोकावतात, वरचा मजला भट्टी. तिथे पन्नास वर्षं एसी चालवायचा, त्याचा हिशोब कोण करणार?

मातीमोल: मातीच्या भिंती बांधा, वादच मिटला.

गिलावा: आला मातीवाला! आमच्या काकांनी हौसेनं बांधलं मातीचं घर. दुसऱ्याच पावसाळ्यात ओल, मग वाळवी. काकू अजून ऐकवते.

मातीमोल: जोतं किती उंच होतं? छप्पर भिंतीच्या किती बाहेर? आणि वरून चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा थापला असणार. आत शिरलेली ओल मग बाहेर पडणार कुठून?

गिलावा: थापला होता. कंत्राटदारच म्हणाला. चुन्याचं काम जाणणारा गवंडी तू पाठवणार होतास का?

ओळंबा: माती गार असते हेही अर्धवटच. जाड भिंत दिवसभराची उष्णता धरून ठेवते आणि रात्री सोडते. रात्री हवा गार पडते तिथे उत्तम. दमट हवेत मात्र रात्रभर घामाघूम. त्यापेक्षा रॅट-ट्रॅप बाँड ही वीटकामाची पद्धत बघा. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची. जवळपास चौथाई विटा वाचतात, उष्णताही अडते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात अशी कितीतरी घरं बांधली.

गिलावा: आणि वायरिंग? नंतर भिंत फोडायची?

ओळंबा: आधी ठरवायचं. नकाशा त्यासाठीच असतो.

कोरडवाहू: अहो, धागा पाडापाडीचा होता! उंबरठा, सळ्या गंजून स्लॅब गेला असेल तर पाडा बापडे. पण वरचा मजला तापतो म्हणून सांगाडा पाडत नसतात, गच्चीला उष्णतारोधक थर देतात.

उंबरठा: बरं, 'प्रत्येक' हा शब्द काढला. आता झोप लागेल ना?

मातीमोल: काकांच्या जोत्याची उंची अजून कुणी सांगितलेली नाही.