गाडी बोळात येत नाही, तर कचरा वेळेत आणि वेगळा कसा द्यायचा?

मंगळवारपेठ_सातारा
नमस्कार. आमचा बोळ अरुंद, त्यामुळे घंटागाडी तोंडाशीच थांबते. गाणं ऐकू आलं की सगळी घरं एकदम बादल्या घेऊन धावतात. वरच्या मजल्यावरच्या आजी जिना उतरेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते. मग पिशवी खांबाशी ठेवली जाते आणि कुत्री ती रस्ताभर पसरतात. वीस-पंचवीस घरं एकत्र येऊन मुकादमांना भेटायचं ठरलंय. "गाडी वाढवा" एवढंच सांगून यायचं नाही. नेमकं काय मागावं?

जुना_चालक
ताई, मी घंटागाडीवर बरीच वर्षं होतो, आता निवृत्त आहे. गाडीचा वेळ चालण्यात कमी आणि थांबण्यात जास्त जातो. एकेका बादलीसाठी गिअर बदलत, ब्रेक दाबत गेलं की फेरी लांबते आणि शेवटच्या गल्लीला रोज उशीर होतो. म्हणून थांबा ठरवून मागा आणि वेळही ठरवून मागा. गाडी रोज त्याच वेळी त्याच जागी उभी राहते हे कळलं, की माणसं गाण्याची वाट न बघता आधीच येऊन थांबतात. आजींसारख्यांसाठी बोळात ढकलगाडी फिरवायची. घंटागाडी पोचायच्या आधी ती भरून तोंडाशी उभी असली पाहिजे.

दुसरं साताऱ्याच्या चढाचं. माची पेठ, बोगद्याकडचा भाग उंचावर. भरलेली गाडी चढावर थांबवत-सुटवत नेली की क्लच जळतो आणि डिझेलही जास्त लागतं. रिकामी गाडी आधी वर न्यावी आणि भरत भरत खाली उतरावी. सोनगावच्या कचरा डेपोकडं जाताना चढ लागला तरी तो न थांबता, एकदाच काढायचा असतो. मार्ग आखताना चालकाला शेजारी बसवा. कोणत्या वळणावर दुधाचा टेम्पो उभा असतो ते नकाशात दिसत नाही.

आणि सुका कचरा रोज देऊ नका. त्याला वजन नसतं, पण जागा फार लागते. न मोडलेली खोकी आणि फुगलेल्या बाटल्या टाकल्या की हौदा हवेनंच भरतो आणि डेपोची जादा खेप पडते. खोकी उलगडून सपाट बांधा, बाटल्या चेपून टोपण लावा. ओला रोज, सुका ठरलेल्या दोन वारी, एवढं मुकादमांकडून कबूल करून घ्या.

कराडकर
काकांचं पटलं. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत आमचं कराड पहिलं आलं होतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीत मधला पडदा हवा. घरात वेगळा केलेला कचरा डोळ्यांदेखत एकाच हौद्यात पडताना दिसला, की दुसऱ्या दिवसापासून कोणी वेगळा करत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. ते उघडे आले की हातानं निवडणाऱ्या बायकांना काय सोसावं लागतं ते एकदा बघाच.

मंगळवारपेठ_सातारा
मनापासून आभार. चढाची बाजू आमच्या कुणाच्या लक्षातच आली नव्हती. एक शंका आहे. भाजीच्या देठांबरोबर आमटी-ताकही बादलीत जातं. त्यानं काही बिघडतं का?

जुना_चालक
बिघडतं तर! पाणी हौद्यातून गळतं, रस्ता घाण होतो आणि डेपोपर्यंत पाण्याचंच वजन वाहून न्यावं लागतं. शिवाय ते पुठ्ठ्याला लागलं की भंगारवाला पुठ्ठा घेत नाही. बादलीत जुनी चाळणी बसवा, निथळू द्या, मग द्या. नारळाच्या करवंट्या मात्र ओल्यात टाकू नका, लवकर कुजत नाहीत. फुटलेली काच पिशवीत कधीच घालू नका. जाड कागदात बांधून मदतनीसाच्या हातात द्या आणि "काच आहे" असं तोंडानं सांगा. आमच्या गाडीवरच्या पोराचा अंगठा अशाच पिशवीतल्या ट्यूबलाइटनं कापला होता, टाके पडले.

मंगळवारपेठ_सातारा
हे आजच गटावर टाकते. शनिवारी मुकादमांना भेटू तेव्हा थांब्याची वेळ, ढकलगाडी, मधला पडदा आणि सुक्याचे दोन वार एवढंच मागू. काका, तुम्ही सोबत याल का?

जुना_चालक
येतो. त्या मार्गावरच्या सध्याच्या चालकालाही बोलवा.