तपासणी फुकट, पण खाडा कोण भरून देणार?

एकांनी लिहिलंय की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सरकारी तपासणी फुकटच आहे, बायकाच येत नाहीत. हे मला पटत नाही. आमच्याकडे जनता वसाहतीतून कामाला येणाऱ्या मावशींना शिबिरात 'पुढे दाखवा' अशी चिठ्ठी मिळाली. पुढे म्हणजे दुसरं रुग्णालय, तीन हेलपाटे, तीन खाडे. चौथ्यांदा त्या गेल्याच नाहीत. त्यांचं काय चुकलं?

तपासणी स्वतः महाग नाहीच. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभराने पांढरा डाग उठतो का पाहायचं; उठला तर पुढे दाखवायचं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे ही तपासणी डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

निदान झाल्यावर उपचारांसाठी सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. अडतं ते मधल्या टप्प्यावर: गर्भाशयमुखाची दुर्बिणीतून तपासणी, बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), रिक्षाभाडं, बुडालेली मजुरी. महापालिकेने निधी द्यायचा तर इथे द्यावा. आणि संध्याकाळी सातनंतर, वस्तीतल्याच दवाखान्यात तपासणी ठेवावी. मावशींना अजूनही मी रोज विचारते आहे, या रविवारी सोबत जाऊ म्हणाल्यात.