लाइटखाली रोपं नुसती उंच वाढतायत आणि मान टाकतायत, काय करू?

अंकुरवेडी
टोमॅटो, वांगी, मिरची आणि थोडा झेंडू ट्रेमध्ये लावलाय, घरातच. खिडकीत ऊन येत नाही म्हणून वर एलईडी बल्ब टांगलाय. उगवण मस्त झाली, जवळजवळ सगळं बी आलं, पण आता टोमॅटो नुसता वर वर चाललाय, खऱ्या पानांचा पत्ता नाही, खोड दोऱ्यासारखं आणि काही रोपं तर आडवीच झालीत. बल्बच्या खोक्यावर १०० वॅट लिहिलंय, ट्रेपासून साधारण दोन फूट वर आहे, १२ तास चालू असतो. खाली हीट मॅट (ट्रे खालून ऊबदार ठेवणारी विजेची चटई), वर प्लास्टिकचं झाकण. मिरची अजून बरी दिसतेय. खत कमी पडतंय का? थोडं १९:१९:१९ देऊ?

कुंडीवाला
खत नको!! आत्ता नायट्रोजन दिलात तर अजून भराभर उंच होतील. खरी पानं येईपर्यंत रोपाचं बीजदलांवर (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांवर) भागतं.

खोक्यावरचं १०० वॅट नीट वाचा, बहुतेक "१०० वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड" असं असणार, खरा खप १२-१५ वॅटच्या आसपास. तो दोन फुटांवर म्हणजे खोलीत बसून पेपर वाचायला ठीक, रोपाला तो अंधारच. आपले डोळे या बाबतीत फार फसवतात. लहान बल्बचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो, त्यामुळे पहिलं काम बल्ब खाली आणा, शेंड्यापासून ४ ते ६ इंच, आणि रोपं वाढतील तसा वर सरकवत जा. दोरी किंवा साखळीला टांगला तर सोपं पडतं, नाहीतर ट्रेखाली पुस्तकं ठेवा आणि एकेक काढत जा. एका बल्बखाली अख्खा ट्रे बसणार नाही, कडेची रोपं मधे वाकतील, दोन-तीन बल्ब किंवा ट्यूब लागतीलच.

मोठं ग्रो लाइट पॅनल (रोपांसाठीचा खास दिवा) असेल तर मात्र हे अंतर चालत नाही, ते फूट-दीड फूट वरच ठेवायचं. पानं पांढुरकी पडायला लागली किंवा कडा वळल्या तर फार जवळ आलंय.

पालवी
लाइटचं बरोबर आहे पण मला खरी गडबड हीट मॅटची वाटतेय. उगवायला २५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते हे खरं, पण कोंब वर आला की ते काम संपलं. ऊब भरपूर आणि उजेड तुटपुंजा, मग रोप ताणतंच. निम्म्याहून जास्त उगवलं की मॅट बंद, झाकण काढा. टोमॅटोला नंतर १८ ते २१ डिग्री पुष्कळ होते, रात्री थोडं गार असलं तरी चालतं, पण दिवसरात्रीच्या तापमानात जितका जास्त फरक (दिवस गरम, रात्र गार) तितकी दोन पानांमधली कांडी लांबते हेही आहे, त्यामुळे दिवसा फार तापू देऊ नका हे महत्त्वाचं. मिरची-वांग्याला ऊब जास्त आवडते, त्यांचा ट्रे वेगळा केलात तर बरं.

आणि झाकणाखालच्या दमटपणात रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात ते वेगळंच. आडवी झालेली बघा, बुडाशी खोड बारीक आणि तपकिरी झालं असेल तर तो मर रोग (बुरशीचा) आहे, ती रोपं वाचत नाहीत, काढून टाका.

हिरवाहट्ट
एवढं कशाला, लाइट २४ तास चालू ठेवा, आणि जुना पिवळा बल्ब लावा, लाल उजेडात रोपं जोमात येतात.

कुंडीवाला
@हिरवाहट्ट दोन्ही नको हो. टोमॅटो आणि वांगं सतत उजेडात ठेवलं की पानं पिवळी पडतात, त्यांना रात्र लागतेच. १४ ते १६ तास ठेवा, टायमर लावला की डोक्याला ताप नाही.

पिवळ्या जुन्या बल्बात लालच्या पलीकडचा फार-रेड प्रकाश भरपूर असतो. पानांच्या दाट सावलीत नेमका तसाच प्रकाश पोचतो, कारण वरची पानं लाल शोषून घेतात आणि फार-रेड खाली सोडतात. म्हणजे रोपाला वाटतं आपण कुणाच्या तरी खाली दबलोय, पळा वर! निळा प्रकाश उलट खोड आखूड ठेवतो, म्हणून साधा पांढरा ६५०० केल्विनचा (थंड, निळसर पांढऱ्या उजेडाचा) दिवा रोपांना चांगला.

लक्समीटर
मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट अॅप असतं, अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. मोबाईल शेंड्यांच्या उंचीवर ठेवून बघा, पांढऱ्या एलईडीखाली १२-१५ हजार लक्सच्या आसपास मिळायला हवेत. ट्रेच्या कोपऱ्यातही मोजा, तिथे निम्मे दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. हा आकडा लाल-जांभळ्या ग्रो लाइटला लागू नाही, तिथे लक्स फसवतं.

अंकुरवेडी
बापरे, अर्धा खोकाच वाचला होता मी 😅 मॅट बंद केली, झाकण काढलं, बल्ब खाली आणला. आता ही लांबलेली रोपं टाकून देऊ का?

पालवी
टोमॅटो अजिबात टाकू नका. खरी पानं आली की मोठ्या कपात बीजदलांपर्यंत खोल लावा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. मिरची-वांग्याला तेवढं जमत नाही, ती थोडीशीच खोल. झेंडू चालतो. एका कप्प्यात दोन-तीन उगवली असतील तर विरळणी करा, उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. दाटी ठेवलीत तर शेजारच्या पानांमुळेही तीच सावलीवाली गडबड होते, बल्ब कितीही खाली आणा.

कुंडीवाला
एक राहिलं, छोटा पंखा लांबून मंद लावा, रोपं नुसती हलली पाहिजेत, वाकायला नकोत. नाहीतर रोज शेंड्यांवरून हात हलकेच फिरवा. हललं की खोड आखूड आणि जाड होतं. फक्त आधी आडवी झालेली काडीच्या आधाराला लावा आणि पाणी खालून द्या, वरून ओतलंत तर ती पुन्हा झोपतील. पंखा लावल्यावर माती लवकर सुकते तेवढं बघत राहा.

लक्समीटर
आणि पुढच्या वेळी टोमॅटो बाहेर लावायच्या तारखेआधी सहा ते आठ आठवडेच पेरा. त्याआधी पेरलात तर चांगल्या लाइटखालीही ट्रेत जागा संपते.

अंकुरवेडी
मोजलं, मधे ११ हजार, कोपऱ्यात ४. अजून एक ट्यूब आणतेय.

लक्समीटर
येईपर्यंत ट्रे रोज फिरवत राहा.