मदत हवी आहे: खुनाच्या सीनमधलं रक्त गुलाबी दिसतंय

सेटवाला: पोलीस मालिकेसाठी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा बंद कारखाना मिळालाय. परवा शूट आहे. रक्त कॅमेऱ्यात गुलाबी सरबत दिसतंय. उपाय सांगा, लवकर.

रंगारी: कशाचं बनवलंय? फरशी कुठली? खून होऊन किती वेळ झालाय?

सेटवाला: पाणी, खायचा लाल रंग, कॉर्नफ्लॉवर. शहाबादी फरशी, शेजारी चादरींचा गठ्ठा. खून मध्यरात्री, पोलीस सकाळी.

रंगारी: कच्च्या कॉर्नफ्लॉवरने पांढरट होतं, म्हणून गुलाबी. बेकरी सामानाच्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज घ्या. अर्धा किलोला १५० मिली पाणी, लाल रंग, चमचाभर कोको आणि निळ्याचे दोनच थेंब. जास्त झाला की जांभळं. थारोळं कडेने आधी सुकतं, तिथे कोको वाढवा. चादरीवर हे मुरत नाही, वरच बसतं. त्यासाठी वेगळं पातळ करून भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब घाला. शहाबादी डाग पिते, आधी मेणाचं पॉलिश मारा.

माळीगल्ली: ग्लुकोज नकोच, मुंग्या लागतात. ग्लिसरीन वापरा.

रंगारी: ग्लिसरीन सुकत नाही. सकाळचं थारोळं ओलं कसं? शिवाय फरशी निसरडी होते, कलाकार पडेल.

माळीगल्ली: मग टेरी टॉवेल ठेवा, छान शोषतात.

रंगारी: कारखाना चादरींचा आहे हो.

पंच_क्र_२: रक्ताचं होईल, पण पंचनामा नीट दाखवा. प्रेताभोवती खडूची रेघ नको. नंबरपट्ट्या आणि मोजपट्टी ठेवून फोटो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. मोबाइल धरलेला एक शिपाई हवाच. संवादात जुन्या दंड संहितेचं कलम ३०२ नको, आता खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. रक्ताळलेली चादर सावलीत वाळवून कागदात बांधतात, प्लास्टिकमध्ये ओलाव्याने बुरशी धरते. वर पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील.

सेटवाला: हे विचारलंच नव्हतं, पण ३०२ लिहिलं होतं. बदलतो. प्रेताचा चेहरा निळा करू का?

पंच_क्र_२: प्रेत उताणं की पालथं?

सेटवाला: पालथं. सकाळी उलटवतात, मग क्लोजअप.

पंच_क्र_२: मग निळा नको. रक्त खाली उतरतं, चेहरा-छातीवर जांभळट लाली द्या. फरशीला दाबलेलं नाकाचं टोक, कपाळ, हनुवटी मात्र फिकटच ठेवा, तिथे रक्त उतरत नाही.