विक्का: किट राहू दे, आधी वही घे

भावा, तू विचारलंयस विक्का शिकायला आधी क्रिस्टलचा किट मागवायचा का, तर नको, लै महाग पडतंय आणि सुरुवातीला काय उपयोग नाय. आधी वाच. विक्का म्हणजे निसर्गाला पूजणारा, जादूचे विधी मानणारा धर्म, तसा नवाच, ब्रिटनमध्ये १९५१ ला चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, १९५४ ला विक्का पुढं आणणाऱ्या जेराल्ड गार्डनरनं पुस्तक काढलं आणि तिथनं गाजावाजा झाला, त्यामुळं 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' म्हणणारे व्हिडिओ बघत बसू नको. ग्रुप नसला तरी एकट्यानं करता येतंय, स्कॉट कनिंगहॅमचं १९८८ चं पुस्तक त्यासाठीच आहे, इंग्रजी सोपं आहे. मग साधी वही कर, पौर्णिमेला रंकाळा तलावावर जा, चंद्र बघत निवांत बस, घरी येऊन काय वाटलं ते लिही. वर्षात आठ सण असतात, त्यातला इंबोल्क १ फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाच्याच दिवसांत, मावळतीची किरणं देवीवर पडतात तो (संबंध काय नाय हां, योगायोग). पण इंबोल्क हा तिकडं ब्रिटनकडं थंडी सरायला लागते तेव्हाचा सण, तसला हंगाम आपल्याकडं कुठला, तवा इथलं ऊन कसं बदलतंय तेच टिपून ठेव. आणि ते वशीकरणाचं जे कोण विचारत होतं, ते यात बसत नाय, कुणाला इजा करायची नाय हीच मूळ अट. पैसे घेऊन फोनवर दीक्षा देतो म्हणणारा भेटला तर सरळ ब्लॉक कर.