घरातली कामाची जागा: खान्देशात तुम्ही कुठे बसता?

धागा काढणारी, जळगाव (भाषांतराचं काम)

घरून काम करणाऱ्यांसाठी जे फोटो फिरतात त्यांत पांढरी भिंत, एक कुंडी आणि भली मोठी खिडकी असते. ती खिडकी पश्चिमेला आणि महिना वैशाख असला तर काय होतं, हे फोटो काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा असं छापलेलं असतं. तेव्हा आधी थंड जागा, कुंडीचं नंतर बघू.

माझं काम २०२० च्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. आता पूर्वेच्या खोलीत गोदरेजचं कपाट भिंतीपासून ओढून आडवं लावलंय. त्याच्यामागे जो बोळ झाला, त्यात टेबल. कपाटाच्या पत्र्याच्या पाठीवर चुंबकाने कागद लागतात, हा वरचा फायदा. लॅपटॉपचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवलाय, त्यामुळे चकाकी नाही. दुपारनंतर सूर्य घरामागे जातो आणि खोली बसण्यासारखी राहते.

आता तुमचं सांगा. लॅपटॉपवालेच नकोत. शिवणकाम, शिकवणी, हिशेब, अभ्यास, सगळे या. खुर्चीच्या ब्रँडवरून भांडण मात्र नको.

यावल तालुका, सॉफ्टवेअर

पुण्याहून परतलो तेव्हा घरच्यांनी कौतुकाने माडीवरची पत्र्याची खोली दिली. ‘साहेबाले शांतता पाहिजे.’ शांतता होती, कारण सकाळी दहानंतर तिथे मांजरसुद्धा फिरकत नसे. पत्र्याखाली थर्माकोल मारून झाला, वरून चुना मारून झाला. चुन्याने फरक पडतो हे खरं, पण दुपारच्या मीटिंगला पुरेल एवढा नाही.

शेवटी खाली आजोबांच्या धाब्याच्या खोलीत आलो. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचं छत. उन्हाळ्यात दुपारी दोनला बाहेरून आत आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. पण फुकट काही मिळत नाही. एक, वरून माती झिरपते; तुळयांखाली जाड मांजरपाटाचा चांदवा ताणून बांधला, तरच कीबोर्ड वाचतो. दोन, वायफाय त्या भिंतीतून जात नाही. राउटर ओसरीवर आणि मी आतमध्ये, की सगळेजण मला ‘तुझा आवाज तुटतोय’ सांगणार. दाराच्या चौकटीवरून केबल आणली, विषय संपला. तीन, खोलीला एकच झरोका, म्हणून उजेड सगळा विजेचा. पांढरी ट्यूब समोरच्या भिंतीवर लावली, डोक्यावर नाही.

पावसाळ्याआधी धाब्यावर नवी खारी माती टाकावी लागते. त्या दिवशी सुट्टी टाकतो. रजेचं कारण काय लिहायचं हा दरवर्षीचा प्रश्न.

पारोळा, कंपनीचे पगारपत्रक

जागा मिळाली, पण ती माझी आहे हे घराला पटवायला टेबलापेक्षा जास्त दिवस लागले. चुलत सासरे येता-जाता विचारत, ‘आज सुट्टी शे का तुले?’ घरात दिसणारी सून म्हणजे रिकामी सून. दळण, गॅसवाला, पाहुण्यांचा चहा, सगळं माझ्याकडे.

मार्ग सासूबाईंनीच काढला. दाराबाहेर त्यांनी आपली खाट टाकली आणि कुणी आलं की त्याच सांगतात, ‘ऑफिसात बठेल शे ती, पाच वाजता ये.’ खाटेवर बसून त्या लसूण सोलतात, वाती वळतात. आत येणारा माणूस आधी त्यांच्यापुढून जातो. कडीकुलुपाने हे जमलं नसतं.

दोन वेळा मात्र खोली सोडावीच लागते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी येतात आणि खोली त्यांची होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसते, भाऊबंद जमतात, रोट होतात, तेव्हा टेबल भिंतीला उभं करून ठेवायचं. म्हणून पाय घडी होणारंच टेबल घेतलं. महिनाअखेरीच्या पगाराशी आखाजी जुळली की माझा लॅपटॉप शेजारणीच्या घरी जातो. उन्हाळ्यात बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) दिवस वेगळेच, पण त्यांचा माझ्याशी संबंध फक्त खाण्यापुरता.

धुळे, ब्लाउज आणि फॉल-पिको

ताई, शिवणकाम म्हटलंत म्हणून लिहिते. मशीन पूर्वी आतल्या खोलीत होतं. गिऱ्हाईक थेट पलंगापर्यंत यायचं आणि नवरा पांघरूण ओढून बसायचा. आता मशीन ओसरीवर, दाराच्या कडेला. मी उजव्या हाताची, म्हणून उजेड डावीकडून घेते. उजवीकडून आला तर हाताची सावली नेमकी सुईवर पडते. रात्री मशीनच्या मानेला छोटा दिवा असतोच. पण दोऱ्याचा रंग मी दिव्यात कधीच जुळवत नाही. मोरपंखी आणि हिरवा रात्री एकच दिसतात, सकाळी गिऱ्हाईक दाखवतं. रीळ आणि कापड हातात घेऊन दारात जायचं, उन्हात नाही, सावलीत.

गिऱ्हाइकासाठी एक बाकडं आणि मापाची वही बाहेरच ठेवली. आत यायचं कारणच उरलं नाही. आणि हो, अर्धवट कपडे टांगायला दांडी उंच लावा. आमच्याकडे लहान मूल आहे.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

वेगळ्या खोलीचं एवढं स्तोम कशाला, हे मला कळत नाही. आमच्या पिढीने चाळीस पोरांच्या वह्या ओट्यावर तपासल्या.

धागा काढणारी

गुरुजी, ओट्यावर तपासल्यात खऱ्या, पण त्या वेळी घरात तुम्हाला हाक मारायची कुणाची छाती होती का? तीच तुमची खोली.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

मान्य. आता सौ. रोज मारतात. हल्ली मी मराठी व्याकरणाच्या शिकवण्या घेतो, त्या बैठ्या मेजावर. गुडघे नकार देऊ लागले म्हणून मेजाखाली चार विटा आणि आपण पाटाच्या जागी स्टुलावर. कोपर मेजाच्या पातळीत येईल एवढं बघितलं की खांदे दुखत नाहीत. आता तरुणांनी हसून घ्यावं.

भुसावळ, ऑनलाइन शिकवणी

आमचे हे रेल्वेत लोको पायलट. रात्रपाळी करून सकाळी येतात, त्यांची झोप आणि माझा वर्ग एकाच वेळी. क्वार्टर लहान. गाड्यांच्या आवाजाने यांची झोप मोडत नाही, माझ्या ‘कंस सोडवा’ने मोडते!

म्हणून मागच्या व्हरांड्याला बांबूची चटई लावून तिथे बसते. भिंत मोकळी असली की आवाज घुमतो, म्हणून मागे दोन जुन्या रजया टांगल्या. मुलांना वाटतं पडदा आहे. हेडफोन कानात असले की आपणच मोठ्याने बोलतो; एक कान उघडा ठेवला की आवाज आपोआप उतरतो. फळ्यासाठी फरशीचा पांढरा तुकडा आणि मार्कर वापरते.

नंदुरबार, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास

आमच्या घराच्या मागे मिरची वाळवायच्या पथारी. हंगामात वारा इकडे फिरला की पुस्तक बाजूला आणि शिंका चालू. घराची सगळ्यात चांगली खिडकी त्याच बाजूला, त्यामुळे माझं टेबल वर्षातून दोनदा जागा बदलतं. हिवाळ्यात समोरची खोली, उरलेलं वर्ष मागची. भिंतीवर नकाशे चिकटवले होते ते आता पुठ्ठ्यावर लावून घेतलेत, म्हणजे माझ्याबरोबर फिरतात. टेबलावर फोन नाही, फोन देवघरात. तिथे जाऊन रील बघायची लाज वाटते.

चोपडा, केळी बागायतदार

मला कामाची जागा लागते ती रात्री. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीला असली की झोप नाहीच, मग हिशेब तेव्हाच. शेतातल्या खोलीत भिंतीला फळी ठोकली, बिजागरीवर खाली पडते. काटापट्ट्या (मालाच्या वजनाच्या पावत्या), खताची बिलं, मजुरी, तीन खिळे, तीन गठ्ठे. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून ठिबकच्या नळीचा तुकडा चिरून क्लिप केलीय. अजून काही लागलं नाही.

जळगाव, दुसरे

कूलरवर कुणी बोललं नाही! माझा प्रश्न: कूलर लावला की वह्या-कागद मऊ पडतात, प्रिंटरमध्ये अडकतात. आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर कूलर चालतो का?

भुसावळ, इलेक्ट्रिशियन

कागद मऊ पडतात म्हणजे तुमच्या खोलीतून हवा बाहेर जात नाही. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो. खोली बंद ठेवली तर ओल आतच साठते आणि थोड्या वेळाने गारवाही जातो. कूलर खिडकीच्या बाहेर बसवा, समोरचं दार अर्धं उघडं ठेवा, आणि टेबल त्या झोताच्या सरळ रेषेत नको, बाजूला. प्रिंटर दुसऱ्या खोलीत गेला तर उत्तम. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, नुसता पंखा लावा. आपल्याकडचं पाणी जड, गवतावर क्षार बसतात, म्हणून उन्हाळ्याच्या मध्येच गवत एकदा बदला.

इन्व्हर्टरवर कूलर चालतो, पण कूलरवरचे वॅट वाचून घ्या. १२ व्होल्टची १५० ॲम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हाताला त्याहून बरंच कमी येतं, जुनी झाली की आणखी कमी. कूलर दीडशे ते दोनशे, लॅपटॉप साठ-पासष्ट, वर ट्यूब आणि राउटर, असं धरलं तर चार-साडेचार तास समजा. कूलर बंद करून पंखा लावलात तर दुप्पट नाही पण त्याच्या जवळ जाल. नुसतं नेट टिकवायचं असेल तर बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो.

आणि कूलरच्या लोखंडी बॉडीला अर्थिंग आहे का ते आधी तपासा. पाणी भरताना प्लग काढा. यावर मात्र चर्चा नको.

जळगाव, दुसरे

दार अर्धं उघडं ठेवलं तर पारोळ्याच्या ताईंच्या सासूबाई उसन्या मिळतील का?