भाषेचा सर्व्हे करताना स्वतःचा कल कसा आवरायचा?

शिवार: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात घरोघरी कोणती भाषा बोलतात ते मोजायचंय. घरं ४१२. मी मराठी, आणि विषय सीमाभागाचा. आकडे माझ्या मनासारखे वळू नयेत म्हणून काय करू?

गल्लीबोळ: मन कोरं होत नाही, पद्धत मात्र आधी बांधून घेता येते. गावात जाण्यापूर्वी तुमचा अंदाज आकड्यात लिहा आणि तारीख घालून सरांकडे द्या. कोणता आकडा आला तर अंदाज चुकला म्हणायचं, हेही लिहा. तेवढं लिहायचं राहून गेलं तर नंतर कुठलाही आकडा आपल्या बाजूचा वाटतो.

सुरुवात ओळखीच्या गल्लीतून नको. गल्ल्या समाजावार वसलेल्या असतात, एक सुटली तर एखादी भाषाच सुटेल. सगळी घरं जमणार नसतील तर साधारण ६० धरू. ४१२ ला ६० ने भागलं की सहाच्या वर येतं. १ ते ६ मधली चिठ्ठी उचला, तिथून दर सहावं घर घ्या, ६८-६९ होतील. कुलूप दिसलं म्हणून शेजारी शिरू नका, नाहीतर शेतावर जाणारी माणसं गळतात. संध्याकाळी आणखी दोनदा जा. तरीही न भेटलेली घरं वेगळी दाखवा.

पाटीपेन्सिल: "तुम्ही मराठीच ना?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच दिलंत की! जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलायची ती भाषा. आजचं बोलणं त्याहून वेगळं असू शकतं. माहेर मराठी, सासर कन्नड अशा बाईला एकच रकाना दिला तर तिचं अर्धं उत्तर पुसलं जातं. आईशी, नवऱ्याशी, मुलांशी, बाजारात, असं सुटंसुटं विचारा.

१९५६ ची राज्य पुनर्रचना, मग सीमावादासाठी नेमलेला १९६६ चा महाजन आयोग. इथं भाषा सांगणं म्हणजे कौल देणं वाटू शकतं. म्हणून आधी माणसं किती, शिक्षण किती हे विचारा, भाषा मधे येऊ द्या. निम्मी घरं चिठ्ठीनं कन्नड बोलणाऱ्या वर्गमित्राला द्या. मग दोघांकडे मराठी सांगणारी घरं किती ते ताडून बघा; ३४-३४ घरांत दोन-चारचा फरक योगायोगानंही पडतो. दहा-बाराचा पडला तर विचारणाऱ्याचा परिणाम तपासायलाच हवा.

गल्लीबोळ: 'दोन्ही बोलतो' अशी उत्तरं कुठल्या गटात टाकायची, इथं कल हमखास घुसतो. नियम आधीच लिहा. मग नाव आणि गल्ली झाकून दोघांनी वेगवेगळी वर्गवारी करा. शंभरात ८० जुळली म्हणून खूश होऊ नका. योगायोगानंच ६० जुळणार असतील, तर (८०−६०) ÷ (१००−६०), म्हणजे काप्पा (योगायोग वगळून खरी जुळणी किती ते सांगणारा आकडा) फक्त ०.५. तेव्हा नियम नीट करून सगळी उत्तरं पहिल्यापासून पुन्हा लावा, फक्त न जुळलेली नव्हेत.